भय्यासाहेबांसाठी दोन शब्द

"भय्यासाहेब गेले, त्याबद्दल तुमचे दोन शब्द हवे होते," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि वनमंजिरीच्या बोटांतला वाल सालातून सुळकन निसटून पलंगाखाली गेला. "कधी गेले?" तिनं विचारलं. आवाजात नको तेवढा उत्साह आला म्हणून ती लगेच खोकली. "अजून गेले नाहीत," मुलगी म्हणाली, "पण जातील. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. ऐनवेळी धावपळ नको म्हणून आम्ही आधीच घेऊन ठेवतो." मुलीचं नाव जागृती. ती खोपोलीजवळ शिळफाट्याला राहायची आणि एका बातम्यांच्या चॅनेलला कर्जत-खालापूरच्या बातम्या पुरवायची. म्हणजे घाटातले अपघात, बिबट्या दिसल्याच्या अफवा आणि फार्महाऊसवर येऊन राहिलेले म्हातारे कलाकार. मोठं माणूस आजारी पडलं की त्याच्या ओळखीच्यांकडून दुःख आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं ही त्यांच्या धंद्यातली जुनी पद्धत होती. पावसाच्या आधी डब्यात सुकट भरून ठेवावी, तसं ते दुःख भरून ठेवायचे. त्याला ते बाइट म्हणत. वनमंजिरीनं या पद्धतीला मनापासून दाद दिली. साठ वर्षं ती स्वतः हेच करत आली होती, फक्त कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं. "ये उद्या," ती म्हणाली. "सकाळीच ये. माणसाचा भरवसा नसतो, मरताना कधीकधी सुधारतात."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा वालांच्या परातीकडे वळली. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की सालातून गुळगुळीत पांढरं डोकं बाहेर येतं, आणि भय्यासाहेबांना चाळिशीतच टक्कल पडलं होतं, त्यामुळे वाल सोलणं हे घरातलं एकच काम ती कधी टाळत नसे. समोर येसूबाई बसलेली. येसूबाई तिची भावजय, चांगोची बायको. चांगो गेला, त्याच्या आधी शेत गेलं, आणि शेतावर ही इमारत आली. तिचं नाव हिरवाई हाइट्स, कारण खालची हिरवाई आता कुठेच नव्हती. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिला होता. जिथं चांगो चिखलणी करायचा त्याच्या बरोबर वर, हवेत, या दोघींचे पलंग होते. शेलू स्टेशनावरून येणारे लोक खालून जाताना आपण वनमंजिरीच्या बापाच्या बांधावरून जातोय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि वनमंजिरीला ते माहीत असूनही आता त्याचा राग येत नव्हता. राग एकाच ठिकाणी लावायचा, इकडंतिकडं उडवायचा नाही, ही काटकसर तिला जमलेली होती. येसूबाई भाताच्या गिरणीत जन्मभर पट्ट्यांच्या आवाजात उभी राहून ठार बहिरी झाली होती. पण तोंडाकडे बघून ती सगळं समजायची. टीव्ही लावायची तो आवाज बंद करून, आणि मग पडद्यावर जो बोलेल त्याचं बोलणं स्वतः मोठ्यानं बोलायची. इन्स्पेक्टर बोलला की येसूबाई बोलायची, सून रडली की येसूबाई बोलायची, पंतप्रधान बोलले तरी येसूबाईच बोलायची. सगळ्यांचा आवाज एकच, घोगरा, शेतातून हाक मारल्यासारखा. आपण मोठ्यानं बोलतोय याचा तिला पत्ता नसे. तिसऱ्या मजल्यावरचे लोक तिच्याकडूनच बातम्या ऐकत.

"कोन व्हतं?" येसूबाईनं विचारलं. वनमंजिरीनं ओठ नीट उघडून सांगितलं की भय्या मरायला टेकलाय. "मेला का?" नाय अजून, वनमंजिरी म्हणाली. येसूबाईनं एक वाल सोलला. "मंग तुमाला कसली घाई, वन्सं? मरंल सवडीनं."

सवडीनंच तर मरत होता. हेच तर दुखणं होतं. दर दिवाळीला वनमंजिरी कॅलेंडर बदलताना म्हणायची की यंदा जाणार, आणि यंदा त्याला कुठला तरी जीवनगौरव मिळायचा. शाल, श्रीफळ, चांदीचं झाड. माणसाला जीवनगौरव मिळाला की जीवन आवरतं घ्यावं, अशी साधी रीत असते, पण भय्यासाहेबांनी ती कधी पाळली नाही. दहा वर्षांपूर्वी तो दादर सोडून खालापूरला, चौकच्या अलीकडे, आंब्याच्या बागेत राहायला आला, तेव्हा वनमंजिरीला रात्रंदिवस त्या दिशेनं गरम झळ लागल्यासारखं व्हायचं. पलंगाची दिशा बदलून पाहिली. मग ब्लडप्रेशरची गोळी, जी ती डॉक्टरच्या तोंडावर हो म्हणून मोरीत टाकायची, ती नियमानं घ्यायला लागली. त्याच्या आधी जायचं नाही, एवढीच तिची प्रकृतीबद्दलची अपेक्षा होती.

सिनेमात यायच्या आधी ती गौरा होती. बाप भिवपुरीच्या वीजघरात, डोंगरावरून उतरणाऱ्या नळांच्या तोंडाशी कामाला. क्वार्टर्समध्ये लहान पोरांना झोप लागायची ती त्या पाण्याच्या घरघरीत, आणि सुट्टीत मामाकडे गेलं की शांततेनं कान दुखायचे. त्या घरघरीवर मात करायची म्हणून वीजघरातली सगळी माणसं मोठ्यानं बोलायची. गौराचा आवाज नदीच्या दुसऱ्या काठापर्यंत जायचा. नळांसमोर गाण्याचं शूटिंग करायला आलेल्या भय्यासाहेबांनी तो ऐकला, म्हणजे आधी ऐकला आणि मग तिच्याकडे पाहिलं, हे तिला पक्कं आठवतं, कारण त्यानंतर कुणीच तिला त्या क्रमानं भेटलं नाही. "ही पोरगी कुणाची?" त्यांनी विचारलं. बापानं टोपी काढली. आठवड्याभरात तिचं नाव वनमंजिरी झालं. का, ते तिला कुणी विचारलं नाही. भय्यासाहेब म्हणाले, रानातून आलेली म्हणून वन आणि पुढचं शोभेला. नायकही तेच, दिग्दर्शकही तेच, बारसं करणारी आत्याही तेच.

चार चित्रपटांत ती झाडामागून पाहायची आणि पळायची. पाचवा 'दिवा लागला दारी'. त्यात शेवटी नवरा दुसरी बाई आणतो, आणि पहिली त्याला उंबऱ्याशी अडवते. तो प्रसंग आजही दाखवतात, दर वर्धापनदिनाला, दर महिला दिनाला. लिहिलेलं वाक्य लांबलचक होतं, त्यात स्वामी होते, हक्क होता, पातिव्रत्य होतं. गौराला ते काही केल्या जमेना. जीभ प्रत्येक शब्दाशी ठेच खायची. भय्यासाहेबांनी दिवे बंद करायला लावले, तिच्याजवळ आले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की हे सगळं विसर, तुझ्या आईनं बापाला कसं सांगितलं असतं तसं सांग. मग दिवे लागले, आणि तिनं दाराला हात घालून सांगितलं, "दार मीच उघाडलंय. मीच लावनार. तुमी बसा भायेर." लाइटवाला सहदेव वर, दिवे टांगलेल्या पाळण्यावर बसलेला होता, त्यानं डोळे पुसले. भय्यासाहेब खुर्चीतून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्या आयुष्यात असा आवाज मी ऐकलेला नाही. त्या एका वाक्यावर ती घरापर्यंत चालत गेली असती. जीपनं सोडलं म्हणून जीपनं गेली.

पहिल्या खेळाला बापाला पुढच्या रांगेत बसवलं होतं, क्वार्टर्समधली सगळी माणसं ट्रकनं आलेली. बाप तिच्या शेजारी. दार आलं. पडद्यावर गौरानं दाराला हात घातला, ओठ उघडले आणि त्यातून कुणीतरी शिकलेली, पुण्यात वाढलेली, गळ्यात मध घातलेली बाई बोलली, "हे दार मी उघडलं होतं, स्वामी. ते मिटण्याचा हक्कही माझाच आहे." ओठ अजून हलत होते, वाक्य आधीच संपलं होतं. थिएटर टाळ्यांनी फुटलं. बाप मात्र वळून मागच्या रांगांत बघत होता. मग तिच्या कानाशी आला. "गौरे, ही कोन बोलते? तू कुठं हायस?" ती त्याच्या बाजूला बसली होती, तिचा दंड त्याच्या दंडाला लागलेला होता, आणि तो तिला थिएटरभर शोधत होता. काय सांगणार त्याला. तिलाच त्या क्षणी कळलं होतं. नंतर भय्यासाहेबांना जाऊन विचारलं, तर ते पेढा खात होते. म्हणाले, अगं, चेहरा तुझाच आहे की. हाय-नाय काय शहरात चालतं का. आणि पेढ्याचा हात तिच्या गालाला पुसून पुढच्या माणसाकडे वळले. बाप घरी जाताना ट्रकमध्ये एकच बोलला, की त्यांनी तुझ्यात दुसरी बाई घातली गं. तो पुन्हा सिनेमाला गेला नाही.

पुढचं सगळं हास्यास्पद होतं, आणि वनमंजिरीला ते हास्यास्पद आहे हे कळत होतं, हेच त्यातलं वाईट. जन्मभर तिला जिथं जाईल तिथं ते वाक्य म्हणायला लावत. गणपतीचा मंडप असो, रोटरी असो, दाताच्या दवाखान्याचं उद्घाटन असो. ती म्हणायची, आणि लोक आदरानं एकमेकांना सांगायचे की वयानं आवाज बसला. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. एकदा गिरगावात औषधांच्या दुकानात मागून एक बाई अमृतांजन मागत होती, आणि वनमंजिरीच्या अंगावर काटा आला, कारण तो तोच मधाचा आवाज होता; ते अमृतांजन तिची कीर्ती मागत होती. वळून पाहिलं तर बुटकी, चष्म्यातली, हातात पिशवी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या बाईनं नमस्कार केला, एक शब्द न बोलता. बोलली असती तर बरं झालं असतं, एकदा तोंडावर ऐकून घेतलं असतं. नंतर ती बाई वारली. पेपरात आली नाही. म्हणजे तो आवाज मेलेला आहे, हे पृथ्वीवर दोघांनाच माहीत राहिलं, वनमंजिरीला आणि भय्यासाहेबांना.

मग टीव्ही आला. मालिकेत तिला सासूचं काम मिळालं, आणि तिथं बोललेलंच ऐकू जायचं, मध्ये कुणी बाई घालायची सोय नव्हती. पहिल्या भागाला ती इतक्या आनंदात होती की सासू म्हणून चहात साखर मागायची, ती तिनं तीनदा मागितली. आणि प्रेक्षकांच्या तक्रारींचा पूर आला, की वनमंजिरींसारख्या थोर अभिनेत्रीला हा कुणाचा गावठी आवाज लावलाय, त्यांचा मूळचा आवाज परत द्या. निर्मात्यानं विचार केला आणि चौथ्या भागात सासूला झटका आणून तिची वाचा घालवली. पुढचं दीड वर्ष वनमंजिरी आरामखुर्चीत बसून नुसती पाहायची. त्या कामाबद्दल तिला मोठं बक्षीस मिळालं. ते द्यायला भय्यासाहेब आले होते. माइकवर म्हणाले, हिचं मौनसुद्धा बोलतं. मी घडवलेली मुलगी. तिनं बक्षीस घेतलं. दगडी होतं, धारदार कोपऱ्यांचं, आणि भय्यासाहेबांचं टक्कल अगदी हाताशी होतं. ते तिथून तसंच सुखरूप गेलं याचं तिला अजून वाईट वाटतं.

रात्रभर तिनं दोन शब्द जुळवले. नवीन जुळवायचे नव्हते, नुसते निवडायचे होते. न्हाणीघरात, बसमध्ये, चांगोच्या तेराव्याला, कुठं कुठं तयार केलेले. काही शिव्यांचे होते, काही फार सभ्य आणि त्याहून वाईट. सकाळी पांढरी साडी नेसली. ती साडी या कामासाठीच ठेवलेली होती, घड्यांवर पिवळी पडलेली.

जागृती आली, बरोबर कॅमेऱ्याचा किशोर. दोघं पोरंटोरं, पण कामाला वाघ. किशोरनं पडदे ओढले, मासळीची जाहिरात असलेलं कॅलेंडर काढलं, साडीला माइक लावला. येसूबाई वालांची परात घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसली, कारण तिथून तोंडं नीट दिसत होती. जागृतीला वाटलं म्हातारी बाई अवघडली आहे, कसंनुसं होत असेल, जिवंत माणसाबद्दल गेला म्हणून बोलायचं. म्हणून धीर द्यायला ती म्हणाली, "मॅडम, सगळेच देतात. भय्यासाहेबांनी तुमच्यासाठीही बाइट दिलीय ना. मागच्या वर्षी तुम्हाला डेंग्यू झाला होता तेव्हा." आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. वनमंजिरीनं हात पुढं केला. "दाखव."

मोबाइल तिनं येसूबाईलाही दिसेल असा धरला. त्यात आंब्याची बाग होती. भय्यासाहेब जाकीट घालून बसले होते. वनमंजिरी गेली, ते म्हणाले, आणि थांबले. थांबायचं कुठं ते त्यांना नेहमीच कळायचं. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, तेही बरोबर उजेडाच्या बाजूनं. "वनमंजिरी म्हणजे तो आवाज. दारातला तो आवाज. तो मी घडवला, असं आज अभिमानानं म्हणतो. चेहरे खूप येतात. तो आवाज पुन्हा होणे नाही." मग हात जोडले. बस. येसूबाईनं ते सगळं, तिच्या घोगऱ्या सुरात, शब्दागणिक मोठ्यानं म्हणून दाखवलं, आणि खोलीत असं झालं की भय्यासाहेब वनमंजिरीच्या मरणाबद्दल गिरणीतून हाका मारताहेत.

वनमंजिरीनं मोबाइल परत केला. रागाची तिला सवय होती, पण हा राग निराळा होता. थंड, नळाच्या पाण्यासारखा, वरून सरळ खाली येणारा. आता हिशोब अगदी सोपा झालेला. ती आधी गेली तर हे लागणार. टीव्हीवर दिवसभर तिचा चेहरा, खाली मधाची बाई, आणि वर हा माणूस त्या बाईवर तिच्या नावानं रडत. कायमचं. पुन्हा बाप थिएटरात वळून शोधणार आणि ती बाजूलाच असणार. रात्री निवडून ठेवलेले शब्द तिनं मनात एकदा चाळले. सगळे त्याच्यासमोर लहान वाटले. त्यानं तिच्याकडून शब्द घेतलेच नव्हते कधी, चेहरा घेतला होता.

"घे," ती किशोरला म्हणाली. "आणि मध्ये थांबवू नकोस."

किशोरनं मान हलवली. वनमंजिरीनं पदर सारखा केला, डोळे खाली घेतले, पाणी येऊ दिलं, मान वर केली आणि बोलायला लागली. ओठ नीट उघडत होते, मिटत होते, गळ्याची शीर हलत होती, हात छातीशी जात होता. फक्त आवाज नव्हता. कणभरही नाही. किशोरनं कानावरचा हेडफोन दाबला, मग माइककडे पाहिलं. जागृतीनं हळूच सांगितलं, "मॅडम, आवाज येत नाहीये." वनमंजिरी थांबली. "येणार नाही," ती म्हणाली. "भय्यासाहेबांच्या कामात माझा चेहराच घ्यायची पद्धत आहे. आवाज मागाहून घाला. कुणी बाई बघा चांगली, शिकलेली." आणि पुन्हा डोळे खाली, पुन्हा पाणी, पुन्हा मान वर, पहिल्यापासून.

तिच्या मनात एवढंच होतं. मुकी बाइट. लावा नाहीतर लावू नका. ती पुढं काय बोलतेय ते तिच्यापुरतं होतं. पण पहिलं वाक्य ओठांवरून गेलं, आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं, परातीवरून, शेतातून हाक मारल्यासारखा आवाज आला.

"भय्या गेला. बरं झालं."

किशोरचा हात येसूबाईला थांबवायला वर गेला आणि तसाच वर राहिला. वनमंजिरीचे ओठ क्षणभर थबकले. येसूबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, टीव्हीकडे बघावं तशी, हातात सोलता सोलता राहिलेला वाल. वनमंजिरीनं ओठांची गती थोडी कमी केली. तिला जागा दिली.

"ह्यानं माजं तोंड घेतलं," येसूबाई बोलली, "आनि त्यात भाड्याची बाई बसवली. ती बाई बी गरीब व्हती, तिचं बी नाव घातलं नाय. माजा बाप मला थेटरात शोदत व्हता. मी त्याच्या बाजूलाच बसलेली. त्यो मरंपर्यंत मला शोदत व्हता." वनमंजिरीच्या गालावरून पाणी उतरलं, आणि ते उजेडाच्या कोणत्या बाजूला आहे हे तिनं पाहिलं नाही. "तू म्हनलास आवाज तू घडवलास. माजा आवाज पान्यानं घडवला, डोंगरावरनं पडनाऱ्या. तू काय घडवलंस, टक्कल?" जागृतीनं तोंडावर हात दाबला. येसूबाई अजिबात हसली नाही, कारण वनमंजिरी हसत नव्हती. वनमंजिरी पुढं वाकली, दाराला हात घालावा तसा हात हवेत घातला, आणि शेवटचं वाक्य ओठांवर आणलं. ते वाक्य येसूबाईला पाठ होतं. पिक्चर तिनं टीव्हीवर वीसदा पाहिलेला, आवाज बंद करून. मधाची बाई तिनं कधी ऐकलीच नव्हती. तिच्यापुरता सिनेमा पहिल्यापासून असाच होता.

"दार मीच उघाडलंय. मीच लावनार. तुमी बसा भायेर."

किशोरनं कॅमेरा बंद केला. हेडफोन काढून रेकॉर्डिंग मागं-पुढं करून एकदा पाहिलं. "बसलंय," तो म्हणाला. "ओठांवर अगदी बसलंय." जागृतीनं विचारलं की हे चॅनेलवाले लावतील का. तिला ते मनापासून लावायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाली, एवढ्या वर्षांत दुःखाच्या गाडीभर बाइट घेतल्या, ऐकावीशी वाटणारी ही एकच. भय्यासाहेब गेल्याच्या पहिल्या तासात लागली तर लागली, कारण त्या तासात वरचे साहेब कुणी बघत नसतात. नंतर मग काढतीलही. "पहिला तास पुरे," वनमंजिरी म्हणाली. "पण मॅडम," जागृती वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "त्यासाठी आधी ते..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग दोघं खालापूरच्या रस्त्याला लागली, भय्यासाहेबांच्या फाटकाचे शॉट घ्यायला. तेही आधीच लागतात.

येसूबाईनं मासळीचं कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. भात लावला, वालांना फोडणी दिली. दुपारी दोघी जेवायला बसल्या. वनमंजिरीनं पांढरी साडी बदलून घडी करून कपाटात ठेवली होती, ती पुन्हा लागणार होती. तिचा घसा कोरडा पडला होता, इतकं बोलल्यासारखा. घास पुढं जाईना. दक्षिणेकडून, चौकच्या बाजूनं, ती जुनी गरम झळ येतेय का म्हणून तिनं लक्ष दिलं. येत होती. म्हणजे तो होता अजून. येसूबाईनं न विचारता तिच्या ताटात आणखी एक वाढणं भात घातला, वर बिरड्याची वाटी उपडी केली.

"खावा, वन्सं," ती सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्यो काय आता जेवत नसंल."